आधी सांधा, मग रूळ

छोट्या रेल्वेची मांडणी करावयास निघालेला मनुष्य बहुधा इंजिनापासून आरंभ करतो आणि त्याहून थोडा विवेकी असेल तो रुळांपासून करतो. परंतु माझ्या मते हा आरंभ सांध्यापासूनच, म्हणजे गाडीस एका मार्गावरून दुसऱ्यावर वळविणाऱ्या रचनेपासूनच, झाला पाहिजे, कारण रूळ मिळेल त्या जागेत वाकवून बसविता येतो, सांधा मात्र आपले माप आणि आपला कोन घेऊनच येतो आणि भोवतालच्या साऱ्या रुळांस त्याच्या तंत्राने वागणे भाग पडते.

आमच्या मिठबावला गजबादेवीच्या देवळापाशी समुद्राची गाज अखंड ऐकू येते, पण आगगाडीची शिटी ऐकावयाची तर घाटाच्या दिशेने नांदगाव किंवा कणकवलीपर्यंत जावे लागते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली, तेव्हापासून या मुलखातील प्रत्येक माणसाने एकेरी मार्गावरचे क्रॉसिंग अनुभवले आहे: आपली गाडी बाजूच्या मार्गावर, म्हणजे लुपावर, घेतलेली, समोरची गाडी मुख्य मार्गाने धडधडत निघून गेलेली, आणि मग सांधा फिरून आपल्यास वाट मोकळी झालेली. घराच्या माडीवर भिंतीलगत मी जी मांडणी उभारली आहे, ती अशाच एका लहान स्थानकाची आहे, आणि अशा स्थानकास दोनच सांधे पुरतात.

दोनच, म्हणूनच ते उत्तम असावेत. आपल्या रेल्वेच्या प्रवासी मार्गावर सर्रास आढळणारा सांधा 'बारास एक' या प्रमाणाचा असतो, म्हणजे बारा हात पुढे जाताना रूळ एक हात फाकतो, आणि त्याच्या वळणाची त्रिज्या सुमारे ४४१ मीटर भरते. एचओ प्रमाणात, म्हणजे मूळ वस्तूच्या ८७ व्या हिश्शात, ती पाच मीटरांवर येते. घरातील कोणत्या खोलीस ती झेपावी? इंग्लंडातील डेव्हन परगण्यात बीअर येथे असलेल्या पेको कारखान्याच्या स्ट्रीमलाइन मालिकेतील सांधे लहान, मध्यम आणि मोठे अशा तीन त्रिज्यांत मिळतात, २४, ३६ आणि ६० इंच. तिन्हींचा कोन मात्र एकच, १२ अंशांचा. लहान सांध्याची लांबी १८५ मिलिमीटर आणि मोठ्याची २५८. जागा वाचते म्हणून बहुतेक जण लहानाकडे वळतात, पण हिशेब मांडून पाहिला तर स्थानकाच्या दोन्ही टोकांस मिळून ही बचत १५ सेंटिमीटरांपेक्षाही कमी भरते, आणि आजच्या लांब प्रवासी डब्याची प्रतिकृती २७ सेंटिमीटरांची असते. म्हणजे अर्ध्या डब्याच्या जागेसाठी आपण प्रत्येक गाडीस लुपावर शिरताना झटका देतो. एक डबा एकीकडे आणि त्यामागचा दुसरीकडे वळल्यामुळे त्यांची टोके एकमेकांपासून दूर फेकली जातात, आणि गाडी मागे ढकलताना डबे रुळांवरून उतरतात. हा सौदा मला कधीच मान्य झाला नाही.

सांधा हाती आला की तो टेबलावर ठेवून डोळा रुळांच्या पातळीस आणावा आणि टंगरेलचे, म्हणजे सांध्यातील हलणाऱ्या रुळाचे, निमुळते टोक शेजारच्या रुळास किती चिकटून बसते ते निरखावे. कागदाची पट्टी त्या फटीत धरून सांधा फिरवावा. पट्टी घट्ट पकडली गेली तर ठीक, सहज सुटली तर चाकाची कड एके दिवशी तेथे शिरणारच. मग एकच मालडबा बोटाने सावकाश ढकलीत न्यावा. जेथे दोन रूळ एकमेकांस छेदतात तेथील टोकावर चाक आदळले तर बोटास ते तत्काळ कळते. अशा वेळी समोरचा चेकरेल तपासावा, कारण पलीकडच्या चाकास धरून ठेवून या बाजूचे चाक टोकापासून दूर राखणे हेच त्याचे काम. डोळ्यांपेक्षा बोटाचा निवाडा मी अधिक प्रमाण मानतो.

विजेचा प्रश्न याच टोकापाशी उभा राहतो. दोन रुळांस विजेचे दोन विरुद्ध ध्रुव जोडलेले असतात आणि छेदाच्या जागी ते भेटतात. म्हणून एका प्रकारच्या सांध्यात तो भाग प्लास्टिकचा करून वाद मिटविलेला असतो, तर दुसऱ्यात तो धातूचाच ठेवून सांध्याच्या दिशेप्रमाणे त्याचा ध्रुव बदलण्याची तजवीज करावी लागते. पहिला बसविण्यास सोपा, पण आखूड शंटिंग इंजिन त्या प्लास्टिकवर येताच अडखळते. दुसऱ्यास एक बटण आणि थोडे तारांचे काम अधिक लागते; ते श्रम घ्यावेत, कारण स्थानकात गाडी हळूहळू शिरताना पाहण्यासाठीच तर हा सारा खटाटोप.

सांधा ठरला की रुळाची उंची त्याच्या मागोमाग ठरते. कोड १०० चा रूळ २.५४ मिलिमीटर उंच, कोड ७५ चा १.९. आपल्याकडचा मीटरमागे ६० किलो वजनाचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. त्यास ८७ ने भागले की दोन मिलिमीटरांस थोडे कमी उरते, म्हणजे कोड ७५ हा सत्याच्या अगदी जवळचा. जुन्या खेळण्यांच्या चाकांची कड खोल असते आणि ती यावर घासते. तसा संग्रह असेल त्याने कोड १०० घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, तेही कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाप्रमाणे १९९८ सालचेच, १ एप्रिलला उघडलेले. खरेदीपूर्वी तेथे जावे आणि गाड्यांपेक्षा सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांकडे लक्ष द्यावे.

एक तफावत मात्र पत्करावी लागते. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. एचओमध्ये तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हावयास हवा, आणि बाजारातील रूळ साडेसोळाचा असतो. रुंद मापाचे सांधे हाताने घडविणाऱ्यांविषयी मला नितांत आदर आहे, पण मी तयार सांधा घेतला, कारण माझे मन गाड्यांच्या भेटीत गुंतलेले आहे.

समुद्रकाठच्या घरात पोलादी रूळ वर्षभरात गंजतो, पितळी काळवंडतो; येथे जर्मन सिल्व्हरच घ्यावे. रूळ जोडणाऱ्या पट्ट्या खाऱ्या, दमट हवेत वीज सोडून देतात, म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्यास खालून स्वतंत्र तार डाखावी.

मालधक्क्यासाठी तिसरा सांधा बसवावा असा आग्रह घरातून होत असतो. लुपावर पाच डबे आणि इंजिन मिळून सुमारे १६० सेंटिमीटरांची गाडी उभी राहते. मोठ्या सांध्याची लांबी जवळजवळ एका डब्याएवढी, तेव्हा मालधक्का आला की गाडी चार डब्यांवर येणार, आणि लहान सांधा मी घेणार नाही. फळी खिडकीपलीकडे वाढविता आली तर पाहू. तूर्त हापूसच्या पेट्या मुख्य फलाटावरूनच चढतील.