वखारीच्या भिंती कुणी उचलल्या?



वारसा वास्तूंवरचे लेख वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. कमानी मोजल्या जातात, भिंतींची जाडी सांगितली जाते. त्या भिंती उचलणारे हात मात्र लेखात कुठेच नसतात.

मी चिंचणीचा. आमच्या गावात सापडलेला इ.स. 926 चा राष्ट्रकूट ताम्रपट अभ्यासकांना चांगला ठाऊक आहे. तेव्हा संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती सुगतिप हा अरब मुसलमान अधिकारी पाहत होता. त्याने नदी ओलांडायला फुकट होडी आणि अन्नछत्र सुरू केल्याची नोंद त्यात आहे. राजा आला, अधिकारी आला, दान घेणारी मठिका आली. होडी वल्हवणारा आणि तांदूळ पिकवणारा बिननावाचाच राहिला.

वेंगुर्ल्याची डच वखार घ्या. 1637 मध्ये डच तिथे आले. गोव्यात पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना रसद इथून जाई. म्हणून ती नुसते गोदाम नव्हती, गढीच होती. माल आत सुरक्षित आणि परका बाहेर, हे त्या जाड भिंतींचे काम. आज या पडक्या वास्तूचे ‘डच वास्तुकला’ म्हणून कौतुक होते. पण जांभा काही हॉलंडहून आला नाही. तो कोकणातल्या माणसांनी खाणीत तोडला, वाहिला, चुन्यात बसवला. मग ती वास्तू एकट्या डचांची कशी?

जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये दाखवून दिले. वखारीत ती डोळ्यांना दिसते. वही एकाच्या हातात, गोणी दुसऱ्याच्या पाठीवर, आणि दोघांच्या मुलांचीही जागा आधीच ठरलेली. वहीवाल्याचे नाव कागदावर टिकते.

कुणी म्हणेल, पुरावाच नाही तर नावे आणायची कुठून? ज्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा, हा कुठला न्याय?

जुनी नावे गेली. आजची जाऊ देऊ नका. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंदणी, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मंडळाकडे आणला. तारापूर एमआयडीसीची गोदामे आपल्या शेजारीच आहेत. तिथे माल उतरवणाऱ्या किती जणांची नोंद आहे, हे तरुणांनी जाऊन विचारावे. म्हाताऱ्या हमालांशी बोलावे, त्यांचे सांगणे त्यांच्या नावानिशी लिहून ठेवावे. वारसा जपण्याचे काम मला तरी इथूनच सुरू करावेसे वाटते.

जय भीम!