पटावरचं नाव

आमच्या पाटोदा तालुक्यात शाळा जूनला भरायची आणि दसरा झाला की अर्धी रिकामी व्हायची. ऊसतोडीला न्यायला मुकादमाच्या ट्रका वस्तीवर लागत. उचल पावसाळ्यातच घेतलेली असे, घरात ती खर्चूनही झालेली असे, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसायचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते गोळा करून मुकादम टोळी बांधायचा, आणि टोळी जायची सांगलीला, कोल्हापूरला, नाहीतर थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडला की पाडव्याच्या मागंपुढं माणसं परत दिसायची.

लेकरंही सोबत जायची. मोठी माणसं फडात, आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी कोपीवर, म्हणजे झोपडीवर. धाकट्या भावंडाला काखेत घ्यायचं, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या. पहिलीत असताना मीही गेले होते. गाडीतळावर पहाटे बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागल्या की माय उठून जायची, आणि मी अंधारात भावाला धरून बसायची. परत आले तेव्हा शिकलेली अक्षरं पुसली गेली होती.

दुसरीत गेले त्या वर्षी बाई आल्या. तोवर गुरुजी एकटेच चारही वर्ग सांभाळायचे. एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक द्यायचा, शक्यतो बाई द्यायची, हे 1987 च्या खडू-फळा मोहिमेत ठरलं होतं. आमच्या वस्तीवर ते पोचायला दहाएक वर्षं लागली. बाईंनी गावातच खोली घेतली. नवी नोकरी, नवं लग्न, नवरा दुसऱ्या तालुक्यात. आज मला त्या वयातल्या मुली बघितल्या की बाईंच्या धाडसाचं नवल वाटतं.

दसऱ्याच्या आधी त्या घरोघर फिरल्या. आमच्या ओट्यावर आजीसमोर बसलेल्या बाई मला लख्ख आठवतात. त्यांनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, पोरीला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळतो. पण शंभरातले ऐंशी दिवस ती शाळेत दिसली पाहिजे. कारखान्याला गेली की तांदूळ बुडाला." ही केंद्र सरकारची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली होती. शिवाय आमच्यासारख्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींना हजेरीमागे रोजचा एक रुपया भत्ता होता, तोही त्यांनी बोटांवर मोजून दाखवला.

आजी म्हणाली, "तांदळाचं झालं, बाई. पण रातच्याला मायची आठवण येऊन पोर रडली तर मी म्हातारी काय करू?"

"माझ्या खोलीवर आणून सोडा."

आजीनं खरंच तसं केलं. त्या हंगामात कितीतरी रात्री मी बाईंच्या खोलीत, त्यांच्या पांघरुणात झोपले. त्या स्टोव्हवर चहा करायच्या, मला अर्धा कप द्यायच्या आणि कंदिलाशी बसून दुसऱ्या दिवशीचं टाचण काढायच्या. रडू नको, असं त्यांनी मला कधी म्हटल्याचं आठवत नाही. रडून झालं की पाढे म्हणायला लावायच्या.

मागं राहिलेल्या आम्हा मुलांना त्यांनी लिहायला शिकवलं ते पत्रांतून. दर शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी आई-बापाला पत्र लिहायचं. पत्त्यावर मुकादमाचं नाव, गट ऑफिस, कारखाना, जिल्हा. शेळी व्याली, आजी खोकते, मला सतराचा पाढा येतो, असलं काहीबाही आम्ही लिहायचो. बाई वेलांट्या-उकार नीट करून द्यायच्या, पण मजकुराला हात लावायच्या नाहीत. तिकडं ते पत्र दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हाती पडायचं. दादांना वाचता येत नव्हतं. कारखान्याचा स्लिपबॉय फडात आला की ते त्याला थांबवून पत्र वाचून घ्यायचे, आणि तो पुढच्या वेळी आला की तेच पत्र पुन्हा वाचायला लावायचे. हे मला पुढं कितीतरी वर्षांनी दादांनीच सांगितलं.

आणखी एक. बाई हजेरी घेताना गेलेल्या मुलांचीही नावं रोज पुकारायच्या. आम्ही एका सुरात म्हणायचो, "कारखान्याला गेली, बाई." मग त्या पुढचं नाव घ्यायच्या. चौथीत माझ्या शेजारी तरटपट्टीवर बसणारी मुलगीही गेली. तिला झालेल्या नव्या भावाला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. तिचं नाव पाडव्यापर्यंत असंच रोज वर्गात घेतलं जायचं.

मी पाचवीला तालुक्याच्या शाळेत गेले आणि बाईंची बदली झाली. मग दहावी, बारावी, लग्न, आणि एसटीत वाहक म्हणून नोकरी. आजी गेली. दादांच्या पाठीचे मणके गेले, तेव्हा कोयता सुटला.

बाई भेटल्या त्या गाडीतच. बीडहून अहिल्यानगरला जाणारी गाडी, जामखेडच्या स्टँडवर तोबा गर्दी. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तशी आमच्या मार्गावर बायका पुष्कळ दिसतात, म्हाताऱ्या तर माहेरी-लेकीकडे हौसेनं फिरतात. पांढऱ्या केसांच्या एक बाई मधल्या सीटवर बसल्या होत्या. खिडकीतल्या मुलाला त्या म्हणाल्या, "हात आत घे बाळा. आत घे म्हटलं ना." दुसऱ्यांदा सांगताना आवाज वर न जाता खाली आला. माझ्या हातातलं मशीन तिथंच थांबलं. तो आवाज मी अंधाऱ्या खोलीत, पांघरुणातून ऐकलेला होता.

मी वस्तीचं नाव घेऊन विचारलं, "बाई, तुम्ही तिथल्या शाळेत होता ना?"

त्यांनी चष्मा सारखा केला, माझ्याकडे नीट बघितलं. "तू मावशींची नात. मावशी आहेत का गं?"

आजी गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि आष्टी येईपर्यंत सोडला नाही. मागून लोक तिकिटाला ओरडत होते. मला उठावं लागलं. कड्याला चार माणसं उतरली, सहा चढली; मी तिकिटं फाडत होते आणि वळूनवळून त्या आहेत ना ते बघत होते. माळीवाड्याच्या स्टँडवर आम्ही उभ्याउभ्या चहा घेतला. परतीच्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून नंबर घेतला.

पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या मुलाच्या घरी गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. माझा पगार, माझं घर, माझी शाळेत जाणारी दोन पोरं हे सगळं तुमच्यामुळं, हे मला त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. सांगितलंही. बाईंनी ऐकून घेतलं, डोळे पुसले. आणि लगेच विचारलं, "तुझ्या शेजारी बसायची तिचं काय झालं?"

मग त्या एकेकाचं विचारत गेल्या. पहिल्या पट्टीवर कोण, फळ्याजवळ कोण. राहिलेल्यांबद्दल फार नाही, गेलेल्यांबद्दल. त्यांना सगळी नावं पाठ होती. म्हणाल्या, "सलग गैरहजर पोराचं नाव कमी करा म्हणायचे. मी तुझ्या मैत्रिणीचं नाव काढलं नाही. तिच्या आईलाही म्हटलं होतं, माझ्याकडे ठेवा. आई म्हणाली, मग धाकट्याला कोण बघंल? त्याला काय उत्तर देणार? तुझ्या घरात आजी होती, म्हणून तू राहिलीस. माझं कौतुक तेवढ्यापुरतंच."

मी ते मानलं नाही, आजही मानत नाही. ओट्यावर येऊन बसायला बाई नसत्या तर घरात आजी असूनही मी ट्रकमध्येच चढले असते. पण त्यांचं म्हणणं मनातून जातही नाही. तीन किलो तांदळाची सगळ्यांत जास्त गरज ज्या घरांना होती, नेमकी त्यांचीच पोरं ऐंशी टक्के हजेरीला मुकत होती. पोर गावात सांभाळणारं माणूस कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, यावर एका तरटपट्टीवरच्या दोन मुलींचे दोन रस्ते झाले. पुढं हंगामी वसतिगृहं निघाली, 2021 मध्ये ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर झाली. आमच्या वेळी तिथं फक्त बाईंची एक खोली होती.

शेजारी बसणाऱ्या त्या मैत्रिणीचा नंबर माझ्याकडे होता. तिचं लग्न लवकर झालं, आणि लग्नानंतर ती स्वतःच अर्धा कोयता झाली. थोरल्या लेकीचंही तिनं लवकर उरकलं. वयात आलेली पोर मागं कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा तिचा सवाल होता, आणि तो खोटा नव्हता. त्या संध्याकाळी ती सांगलीकडे होती. गाडी भरून कोपीवर आली असेल अशा बेतानं मी फोन लावला आणि बाईंच्या हातात दिला.

पहिल्यांदा दोघी काही बोलल्याच नाहीत. मग बाई तिला म्हणाल्या, "पाडव्यापर्यंत रोज तुझी हजेरी घेत होते." पलीकडून ती रडत असावी. बाईंनी रडू दिलं. थोड्या वेळानं विचारलं, "पोरं किती? धाकटी कितवीला?"

धाकटी आठवीला आहे. वसतिगृहात नाव घातलं होतं, पण दिवाळीला घरी आली ती आईसोबतच फडावर गेली. स्वयंपाकाला हात हवा होता. बाई बराच वेळ बोलल्या. ओट्यावर आजीशी बोलल्या होत्या तशाच, हिशोबाचं. तिकडं मुलीच्या स्वयंपाकानं किती वाचतं, वसतिगृहात राहण्या-जेवण्याचं काय मिळतं, दहावी झाली तर काय, नाही झाली तर काय. मैत्रीण म्हणाली, नवऱ्याशी बोलते.

आठवड्यानं तिचा मला फोन आला. पोरीला आणून सोडायला नवरा तयार झाला होता, पण वसतिगृहात पुन्हा घेतील का याची धास्ती होती. बाई स्वतः जाऊन गृहपालांना भेटल्या, शाळेत मुख्याध्यापकांना भेटल्या. पटावर नाव होतं.

आता दर रविवारी बाई त्या मुलीला फोन करतात. बीजगणित जमतंय, भूमिती घोकते, इंग्रजीचं वाचन फार अडखळत होतं, ते मोठ्यानं वाचून घेतात. मागच्या वेळी माझ्या गाडीला होत्या तेव्हा म्हणाल्या, नववीच्या आधी सुट्टीत तिला महिनाभर माझ्याकडे आणून सोड, तिच्या आईशी मी बोलले आहे.