त्यांचे देव आणि आपण

जंगलातल्या माणसांचा विषय निघाला की आपल्या अभ्यासवर्गात दोन तऱ्हेची पोरं बोलतात. एक म्हणतो, भुताखेतांत अडकलेली माणसं, त्यांना शिकवा, शहाणं करा. दुसरा म्हणतो, काय निर्मळ जगणं, ना जात ना सावकार. एकाला त्यांना शाळेत कोंबायचंय, दुसऱ्याला फोटोत. त्यांना काय पाहिजे हे दोघंही विचारत नाहीत. आपल्याबद्दलही असंच दुसऱ्यांनी ठरवलं होतं. म्हणून दोस्तहो, आपल्याला तरी हे शोभत नाही.

मी सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आहे. शाळा नववीत सुटली. वाचतो ते पाळी सुटल्यावर. सध्या डोक्यात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी आहेत. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या हद्दीवर हे लोक राहतात. ब्राझीलनं १९९२ साली त्यांच्यासाठी ९६ लाख हेक्टर जंगल राखलं. महाराष्ट्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यात माणसं पंचवीस-तीस हजार. एवढ्यांना एवढी जमीन कशाला, असं तिथले खाणवाले विचारतात. गायरान मागायला गेलेल्या आपल्या माणसांना हा आवाज ओळखीचा आहे. उत्तर सोपं आहे. तिथली माती पातळ. बाग काही वर्षं पिकते, मग ती जंगलाला परत द्यावी लागते. शिकारीलाही लांबवर फिरावं लागतं.

गाव म्हणजे एकच मोठं गोल छप्पर. त्याला शाबोनो म्हणतात. प्रत्येक कुटुंबाची चूल वेगळी, मधलं अंगण सगळ्यांचं. गावकुसाबाहेर ढकललेली वस्ती नाही. शिकारी आपण मारलेलं जनावर आपण खात नाही, वाटून टाकतो. तो खातो दुसऱ्यानं मारलेलं. बागेत केळी, कसावा, ज्याचा आपल्याकडं साबुदाणा करतात तो, आणि कापूस. सूत हातानं काततात, झोळ्या करतात. जो कापूस माझ्या छातीत धूळ होऊन बसतो, त्यात तिथं लेकरू झोपतं.

स्वर्ग नाही तो. गावागावांत वैरं आहेत, सूड आहेत, बायकांना मार आहे. ते झाकू नये.

आता नावाचं बघा. यानोमामी माणसाचं नाव चारचौघांत घेत नाहीत, तो अपमान. मेलेल्याचं तर घेतच नाहीत. १९८० नंतर लस टोचायला डॉक्टर गेले तेव्हा कार्डावर लिहायचं काय? मग गळ्यात नंबर अडकवले आणि फोटो काढले. फोटो काढणारी बाई क्लाउदिया आंदुजार. तिचा बाप यहुदी, नाझींच्या छळछावणीत मारला गेला. तिच्या नातलगांना खूण लावली होती ती मारण्यासाठी. ही खूण जगवण्यासाठी, असं तिनं पुढं सांगितलं. ते फोटो बघताना मी माझा बिल्ला चाचपला. माझा नंबर तिसऱ्या कामासाठी, राबवण्यासाठी. बिल्ला विसरला तर अर्धा दिवस कापतात. नाव कुणी विचारत नाही.

त्यांच्यात दावी कोपेनावा म्हणून पुढारी आहे. 'दावी' हे बायबलातलं नाव मिशनऱ्यांनी ठेवलं. 'कोपेनावा' त्यानं स्वतः कमावलं. त्या शब्दात गांधीलमाशी आहे, डंख मारणारी. मिशनऱ्यांच्या वस्तीतून गोवर आला, १९६७ साली त्यात त्याची आई गेली. यानोमामी मढं जाळतात, हाडांची राख जपतात, केळ्याच्या पेजेत घालून ती संपवतात. तेव्हा शोक पुरा होतो. आईचं प्रेत मिशनऱ्यांनी पुरून टाकलं. कुठं, ते पोराला कळलं नाही. त्यानं काही दिवस मिशनऱ्यांचा देवही धरून बघितला. मग सोडला आणि आपल्या शापिरींकडं, जंगलातल्या आत्म्यांकडं परत गेला. तो मांत्रिक झाला. मांत्रिक मेले तर आभाळ तोलून धरायला कुणी उरणार नाही, ते कोसळेल, असं तो मानतो. जमिनीतलं सोनं उकरलं की रोगाचा धूर सुटतो, असंही.

आता आपली पोरं हसतील. माझ्या पणज्यानं १९५६ नंतर देव्हारा नदीत सोडला, मी त्या घरातला. आभाळ कुणी मांत्रिक धरत नाही हे मला माहीत आहे. पण धुराचं ऐका. सोनं गोळा करायला पारा लागतो. तो तापवला की वाफ होते, उरलेला नदीत जातो, नदीतून माशात, माशातून माणसात. २०२४ साली एका तपासणीचा निकाल आला. नऊ गावांतल्या सुमारे तीनशे माणसांच्या केसांत पारा निघाला. खाणीच्या डबक्यांत डास, डासांनी मलेरिया. बाप तापानं पडला की बागेत कोण जाणार? मग उपासमार. जानेवारी २०२३ मध्ये सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. आधीच्या चार वर्षांत पाच वर्षांखालची ५७० लेकरं टाळता येणाऱ्या कारणांनी मेली, अशा बातम्या होत्या.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, न झालेल्या भाषणात आदिवासींचा मुद्दा घेतला. त्यांना रानटी अवस्थेत ठेवल्याची लाज हिंदूंना वाटत नाही, असा त्यांचा रोख. पहिल्या तऱ्हेची पोरं हेच तोंडावर फेकतात. पण तो राग जातीचं कुंपण घालणाऱ्यावर होता. शिवाय बाबासाहेबांची पोथी करायला त्यांनीच मना केलंय. मुद्दा माझ्या मते हा: आपण देव सोडले ते आपल्या हातानं, विचार करून. कुणी हिसकावले नाहीत. तोच हक्क यानोमामींचा. देव सोडायचे की ठेवायचे, ते ठरवतील. आपल्या देवांनी आपल्याला खालची पायरी दिली. शापिरी कुणाला जन्मानं खाली बसवत नाहीत, हा फरकही ध्यानात घ्या.

त्यांची मागणी भलती नाही. खाणवाले बाहेर काढा. मलेरियाच्या गोळ्या, लस, दवाखाना बारमाही द्या. मांत्रिकाला गोळीचं वावडं नाही. शाळा आमच्या भाषेत काढा. आणि आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला बसवा. त्यासाठी २००४ पासून हुतुकारा नावाची त्यांची स्वतःची संघटना आहे.

आपला संबंध काय, विचाराल. २०१९ साली बातमी आली, ब्राझीलच्या रोराइमा राज्यातून जवळपास दोनशे किलो सोनं भारतात आलं. यानोमामींचं बरंच जंगल त्या राज्यात आहे, आणि तिथं तेव्हा एकही कायदेशीर खाण चालू नव्हती. वितळलेलं सोनं गाव सांगत नाही. लग्नाच्या बैठकीत तोळ्यावर घासाघीस करणारी माणसं आपल्याही वस्तीत आहेत. पुढच्या अभ्यासवर्गात मी हाच विषय मांडणार आहे. दोन्ही तऱ्हेच्या पोरांनी यावं. जयभीम.