डोंगराची गाडी घेताना

गडमुडशिंगीहून कोल्हापूर ओलांडून गगनबावड्याच्या वाटेला लागावे. ऊस मागे पडतो, भाताची खाचरे येतात आणि घाटमाथ्यावर तांबडा जांभा लागतो. डांबर सोडून आडवाटेला शिरले, की तेथे गाडीची खरी परीक्षा होते.

डोंगरात तंबू ठोकून राहण्याची हौस आता गावातल्या पोरांनाही लागली आहे. मग घरात उंच गाडीचा हट्ट सुरू होतो. पण उंच दिसणारी प्रत्येक गाडी डोंगराची नसते. महिंद्र थारचेच पाहा. 2023 पासून ती केवळ मागच्या दोन चाकांच्या ओढीचीही मिळते. नाव तेच, रूप तेच. पण चिखलात मागची चाके जागीच फिरू लागली, की पुढची मदतीला येत नाहीत.

म्हणून दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात. ओढ चारही चाकांना आहे काय? ट्रॅक्टरसारखा संथ, जोरदार 'लो' गिअर आहे काय? पोटाखाली दगड सुटेल एवढी जागा आहे काय? 'लो' गिअर उभ्या चढाला कामी येतोच, शिवाय उतारावर ब्रेक तापू देत नाही.

आता हिशेब. वर्षात डोंगराचे दिवस चार. बाकीचे बाजाराचे आणि शाळेचे. चार चाकांच्या ओढीला किंमत जास्त, इंधनही जास्त. चार दिवसांसाठी उसाच्या बिलावर कर्जाचा बोजा चढवण्यापेक्षा जीप भाड्याने घ्यावी, ती पायथ्याशी लावावी आणि पुढे पायी जावे. जंगलात मुक्काम असेल तर वनखात्याची परवानगी मात्र आधी काढावी.