हा धडा घरी वाचून या

सत्तर-ऐंशीच्या दशकात आर्णीच्या शाळांतून जे शिकले, त्या आम्हा सगळ्यांचं लैंगिक शिक्षण एका वाक्यात आटोपलं : ‘हा धडा घरी वाचून या.’ सरांनी बेडकाचं प्रजनन रंगीत खडूंनी शिकवलं, जास्वंदीच्या पाकळ्या सोलून पुंकेसर दाखवले, आणि माणसाची पाळी आली तशी घंटा झाली. घंटा झाली नाही, तर सर हातावरचा खडू झटकत खिडकीबाहेर बघत राहिले. मागच्या बाकावरचा एखादा पोट्टा खाकरे, मुली माना खाली घालत, आणि इथे काही विचारायचं नाही हे सगळ्या वर्गाला न सांगता समजे.

आता दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मासिक पाळीचं चक्र आहे, टेस्ट ट्यूब बेबी आहे, सरोगसी आहे. पोरं ते गाईडमधून पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि पूर्ण गुण घेतात. टेस्ट ट्यूबमधलं बाळ कसं होतं ते त्यांना परीक्षेपुरतं येतं. साधं बाळ कसं होतं ते मोबाइलला विचारावं लागतं. आमचे सर धडा टाळत होते, आताचे सर त्यातले महत्त्वाचे प्रश्न खुणा करून देतात. टाळण्याची रीत मात्र सुधारली.

शाळेत जे मिळालं नाही ते आम्ही गावात गोळा केलं. गाय फळवायला न्यायची तर म्हातारी माणसं पोराला हाताशी घेत आणि पोरीला घरात पिटाळत. दवाखान्यातून फुकट वाटलेले निरोध आम्ही फुगे म्हणून फुगवले, आणि मार का बसला ते पुढे कित्येक वर्षांनी समजलं. भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता, एस.टी. स्टँडवर पिवळ्या कव्हरांची पुस्तकं होती, आणि बाबा कंबलपोषच्या उरुसात जडीबुटीवाला तंबूबाहेर असा काही गंभीर चेहरा करून बसे की सगळ्या मानवजातीची चूक त्याला एकट्याला ठाऊक असावी. पुढे टीव्ही आला. त्यावर निरोधची जाहिरात लागली की वडील पेपर उघडत आणि आई म्हणे, ‘जा बे, पाणी आण.’ त्या काळात आम्ही इतकं पाणी आणलं की अरुणावतीला पूर आला असता.

आता कुणी पाणी आणायला उठत नाही, कारण घरातले चौघे चार पडद्यांसमोर बसलेले असतात. लाजायलाही समोर कुणी असावं लागतं. आमची लाज घरभर पसरायची. नातवंडांची लाज, असलीच तर, पांघरुणाखाली एकट्याची असते.

मुलींचं शिक्षण वेगळं होतं. पहिल्यांदा पाळी आली की ओटी भरायची, गोडधोड करायचं, आणि लगेच चार दिवस बाहेर बसवायचं. कौतुक आणि विटाळ एकाच दिवशी पदरात पडत. कपडे वाळत ते दुसऱ्या लुगड्याच्या आडोशाला, ऊन न लागता. लग्न ठरलं की हळदीच्या रात्री एखादी वहिनी नवरीला बाजूला घेई, कानात काही सांगे, दोघी हसत, आणि नवरी थोडी रडे. काय सांगत असतील ते आम्हा मुलग्यांना कधी समजलं नाही. पुढे बायकांनीच सांगितलं की त्यांनाही फारसं समजलं नव्हतं.

पुढे राज्य सरकारने अस्मिता योजना आणली. २०१८ च्या महिलादिनी सुरू झाली, तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत पॅडचं पाकीट देण्याचं ठरलं. मेडिकलवाला मात्र पॅडचं पाकीट अजून वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो. वस्तू उजेडात आली, तिच्याबद्दलचं बोलणं पिशवीतच राहिलं. आणि हळदीच्या रात्री कानात सांगणाऱ्या वहिनी फोटोग्राफरच्या मागे धावत असतात.

गंमत म्हणजे जे आम्हाला कुणी सांगितलं नाही, ते मराठीत केव्हाच छापून झालं होतं. शाळेत आम्हाला महर्षी कर्वे शिकवले. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे शिकवले नाहीत. र. धों.नी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं असत. त्या उत्तरांपायी १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं.

पुढचा अंक २००७ मध्ये विधानसभेत झाला. एड्सच्या धास्तीने केंद्राने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला होता. एरवी एकमेकांवर कागद भिरकावणारे सत्ताधारी आणि विरोधक त्याच्या विरोधात एका आवाजात बोलले, आणि महाराष्ट्रात तो बंद झाला. तेव्हा शालेय शिक्षण मंत्री होते आमच्याच जिल्ह्यातले, राळेगावचे आमदार वसंत पुरके. संस्कृती वाचली म्हणून आम्हीही माना डोलावल्या. नऊ वर्षांनी स्वस्त इंटरनेट आलं आणि बंद केलेल्या पुस्तकात नव्हतं तेही प्रत्येक खिशात येऊन पडलं, तेव्हा विधानसभेला विचारायला कुणी गेलं नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की लैंगिक शिक्षण नववीची वाट न पाहता लहान वयापासून द्यावं. र. धों.ना हे ऐकून आश्चर्य वाटलं नसतं, फक्त उशिराचा हिशेब त्यांनी नीट मांडला असता. गणिताचेच प्राध्यापक होते ते.

मग हळहळ कशाची? बांधावर बसून आम्ही जे एकमेकांना सांगितलं ते बहुतेक सगळं चूक होतं. पण चुकायला सोबत होती. अज्ञान आम्ही खिशातल्या बोरांसारखं वाटून खाल्लं. एखादा फारच घाबरला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘काही होत नाही बे’ म्हणणारा दुसरा तितकाच अडाणी मित्र शेजारी होता. आताच्या मुलाला उत्तर क्षणात मिळतं, बरोबर असेल किंवा भयंकर असेल. खांद्यावर हात मात्र कुणाचा नसतो.

ही हळहळही फार ताणू नये, तिच्यात खोट आहे. मुलग्यांनी बांधावर वाटून घेतलेलं अज्ञान मुलींना एकटीने भोगावं लागे. घरातल्याच एखाद्याचा हात चुकीच्या जागी गेला तर ते सांगायला त्यांच्याकडे भाषा नव्हती, आणि भाषा सापडली तरी ऐकणारा कान नव्हता. आमच्याच जिल्ह्यातल्या झरी-जामणीच्या कुमारी मातांच्या बातम्या आम्ही चहाबरोबर वाचल्या आणि पान उलटलं. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. म्हणजे ज्याला आम्ही ‘तेव्हा’ म्हणतो, ते अजून पुरतं सरलेलं नाही.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण २०२४ मध्ये घडलं, त्यानंतर शाळांत ‘गुड टच, बॅड टच’ शिकवायला जोर आला. ते हवंच. पण हात झटकायला शिकवून भागत नाही. मन आणि शरीर कसं वाढतं, नकार कसा द्यायचा, नकार कसा घ्यायचा, हेही कुणीतरी तोंडाने सांगायला हवं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग तारुण्यभान शिबिरांतून मुलामुलींशी हे उघड बोलत आल्या आहेत. तिथली संस्कृती काही वाहून गेली नाही.

आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यात किमान पंचाहत्तर टक्के पालक असतात, म्हणजे आमचीच मुलं आणि सुना. पुढच्या बैठकीत संरक्षक भिंतीचा विषय थोडा मागे ठेवा. महिन्यातून एक तास डॉक्टर किंवा समुपदेशक वर्गात बोलावण्याचा ठराव घ्या, आणि मुलामुलींना एकत्र बसवा. कुणी विरोध केला तर त्यालाही बोलू द्या. आर्णीत या विषयावर मोठ्यांनी चारचौघांत बोलायला निदान तिथून सुरुवात होईल.