गारगोटींतील शेवाळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत कल्याणजवळ उल्हास नदीच्या पात्रांत मला एक गारगोटी सांपडली. उन्हाकडे धरतांच तिच्या दुधाळ पोटांत काळ्या-हिरव्या शेवाळाच्या नाजूक फांद्या दिसल्या! आपणांस जीवाश्म मिळाला, अशी माझी खात्रीच झाली. शाळेच्या कपाटांत ठेवण्यासाठीं मीं सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लिहिली : "प्राचीन वनस्पति." आजीनें तर शेजारणींस बोलावून तो दगड दाखविला, मग माझ्या अभिमानास काय तोटा!

शास्त्राच्या मास्तरांनीं मात्र चिठ्ठी बाजूस ठेवून विचारलें, "हा दगड जन्मला कोठें?" मी निरुत्तर झालों. ते म्हणाले, "आपल्याकडील काळा पाषाण म्हणजे सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून बाहेर पडून थिजलेला लाव्हा. त्यांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढें पाण्याबरोबर आलेली सिलिका त्यांत सांचून अकीक बनला. अशा बंद पोकळींत शेवाळ कसें रुजणार? भिंगांतून पहा : येथें ना पान, ना देठ. लोह, मँगेनीज इत्यादि धातूंच्या खनिजांचे हे फांटे आहेत."

"मग आपल्याकडे जीवाश्म नाहींतच काय?" मीं हिरमुसून विचारलें.

तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, लाव्हाच्या दोन थरांमध्यें कोठें कोठें जुन्या तळ्यांचा गाळ दडलेला असतो. शोध तेथें करावा. मुंबईस वरळीच्या अशाच थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं त्यांचें वर्णन केलें. नागपुराजवळ टाकळी येथें मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं शिंपले, फळें व बिया यांचे जीवाश्म गोळा केले. १८६३ सालीं टाकळघाटच्या प्राचीन शिलावर्तुळांस भेट देऊन परततांना हे ज्ञानसेवक पाण्यांत बुडून वारले. त्यांच्या त्या परिश्रमांपुढें माझी घाईची चिठ्ठी मला फार क्षुद्र वाटली.

तरीहि ती बदलणें जिवावर आलें. शेजारणींस आतां काय सांगावें? मीं भीत भीत आजीस खरें सांगितलें. ती हंसून म्हणाली, "अरे, दगड कोठें खोटें बोलला? तूंच त्याच्या तोंडीं भलतें घातलेंस."

दुसऱ्या दिवशीं मीं नवी चिठ्ठी लाविली : "शेवाळी अकीक. उल्हास नदीचें पात्र, कल्याण. वनस्पति नव्हे." ती अद्याप कपाटांत आहे. लहान मुलें नदीवरून दगड आणून दाखवितात, तेव्हां मीहि त्यांचें नांव सांगण्यापूर्वीं विचारतों, "हा सांपडला कोठें?"