थंडीत बंद पडणारा ट्रक आणि कारणमीमांसा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दट्ट्याने दाबली की ती इतकी तापते, की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. निफाड परिसरात हिवाळ्यातल्या काही पहाटे पारा ५ अंशांखाली उतरतो. तेव्हा गार लोखंड ही उष्णता शोषून घेते आणि एरवी झाकून राहिलेली व्यंगे उघडी पडतात. वडिलांचा जुना ट्रक अशा पहाटे थरथरत सुरू होई, एक्सिलरेटरवरून पाय काढताच आचके देई आणि बंद पडे. तासाभराने मात्र काही झालेच नाही अशा थाटात धावे. लासलगावच्या बाजारात कांदा पोचवण्यावर आमचे घर चालत होते. 'इंजिन संपले, खोलून बांधावे लागेल' हा गावाचा निर्णय वडिलांनी जवळपास मान्य केला होता आणि त्यासाठी कर्ज काढायचे घाटत होते.

मिस्त्रींनी तो निर्णय ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. धूर पांढरा होता, म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडत होते. मग इंजिन गार असतानाच मंद गतीत चालू ठेवून त्यांनी एकेका नोझलच्या नळीचा नट सैल केला आणि पुन्हा आवळला. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडूनही आवाज बदलत नाही, तो मुळात कामच करत नसतो. इथे आवाज चारही वेळा बदलला. म्हणजे दोष चौघांना सामाईक अशा, त्यांच्या अलीकडच्या जागी असणार. (आजच्या कॉमन-रेल इंजिनांवर हा प्रयोग करू नये, तिथला दाब जिवावर बेतू शकतो.) टाकीकडून येणाऱ्या वाटेवर त्यांनी पारदर्शक नळीचा तुकडा बसवला, तर डिझेलबरोबर बुडबुडे येताना दिसले. जुनी रबरी नळी कडक झाली होती; थंडीत ती आकसे आणि सांध्याशी फट पडे. ती ओढीची बाजू असल्याने बाहेर थेंबही गळत नव्हता, हवा मात्र आत शिरत होती. मंद गतीत इंधन आधीच थोडे लागते. तेवढ्यात बुडबुडा आला की इंजिन अडखळणारच. नळी आणि क्लिपा बदलल्या, हातपंपाने हवा काढली आणि प्रश्न मिटला.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये. 'काळ' आणि 'गाळ' शेजारी ठेवून एका ध्वनीने अर्थ बदलतो का, हे आपण असेच तपासतो. साहित्यकृतीपुढे आलो की मात्र ही शिस्त सुटते. कादंबरी कुठे अडखळली, की 'लेखक संपला' किंवा 'हा प्रकारच जुना झाला' असे निदान आपण गावाइतक्याच सहजपणे करतो. एकेक प्रकरण वगळून पाहावे, काही बदलते का ते ऐकावे. सगळी प्रकरणे जिवंत निघाली, तर दोष त्यांच्याआधीच्या वाटेवर, निवेदकाच्या निवडीत किंवा काळाच्या योजनेत शोधावा, एवढे कष्ट आपण क्वचितच घेतो. मोठ्या कारणाने निदान करणाराही मोठा दिसतो, हा त्यातला मोह. आमच्या घरी त्याची किंमत कर्जाच्या रूपाने चुकवावी लागली असती. समीक्षेत ती लेखक चुकवतो.